कात्रीची खूण

रविवार, ४ जानेवारी

वरदने आज सगळ्यांना एकेक वही दिली. म्हणे रोज मनात येईल ते लिहा, नाटकाला उपयोग होईल. मी नाटकात नाही, मी फक्त आवाज आहे, तरी मलाही दिली. वही बरी आहे, जाड पानांची. लिहीन, पण त्याला दाखवणार नाही.

तर सुरुवातीपासून. साताऱ्याच्या मूकबधिर शाळेत आईबरोबर शिकलेल्या चार मैत्रिणी आणि आई, अशा पाच बहिऱ्या बायका. सगळ्या साठीच्या आगेमागे. वरद दिग्दर्शक, अठ्ठावीस वर्षांचा, पुण्यात नाटक शिकून साताऱ्याला परत आलेला. फेब्रुवारीत तिथे दिव्यांगांचा कलामहोत्सव आहे, त्यात तो या पाचजणींना रंगमंचावर उभं करतोय. त्या हातांनी बोलणार आणि मी माईकवरून ते प्रेक्षकांना ऐकवणार. तालमीत दुभाषीही मीच. दर रविवारी सकाळची सांगली-सातारा एसटी धरायची, संध्याकाळी परत. हे दुभाष्याचं काम मी पाच वर्षांची असल्यापासून करतेय. रेशन दुकान, शाळेची पालकसभा, दवाखाना, सगळीकडे. मला कुणी शिकवायची गरज नाही.

वरदने प्रत्येकीला नाव विचारलं. बहिऱ्या माणसांत नाव म्हणजे एक खूण असते, आणि ती दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते. आईचं नाव कात्री. दोन बोटं उघडायची, मिटायची. ती ब्लाउज शिवते म्हणून पप्पांनी ठेवलं. पप्पाही बहिरे होते, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणून त्यांचं नाव चिमटीत खिळा उचलल्याचं. ते जाऊन तीन वर्षं झाली. आई अजून दिवसातून एकदा तरी ती चिमूट करते. माझं नाव, ओठांवर बोट टेकवून पुढे उडवायचं. बोलकी.

वरदला ते फार आवडलं. "म्हणजे तुम्ही त्यांचा आवाज." मी हो म्हटलं. आईने विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, तुझी साडी छान आहे म्हणतोय.

मंगळवार, ६ जानेवारी

लॅबमधून आले तर दारात गल्लीतल्या स्वप्नाली वहिनी उभ्या. (मी विश्रामबागेत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर असते. आठ तास लोकांना रिपोर्ट देते आणि डॉक्टरांना दाखवा म्हणते.) वहिनींच्या हातात परवाचा ब्लाउज. "आवं, दंडात लय घट बसतोय. काकूंचं माप चुकलं व्हय?"

आईने ब्लाउज बघितला, वहिनींना बघितलं आणि मला म्हणाली, "माप बरोबर आहे. ही दिवाळीपासून फुगलीय."

मी म्हटलं, "आई म्हणते, आत माया ठेवलीय, आत्ता उसवून देते."

वहिनी खूश. आईलाही सांगितलं की वहिनी म्हणतात, चूक माझीच. आई खूश. दोन मिनिटांत ब्लाउज सैल. आता हेच मी जसंच्या तसं सांगितलं असतं तर गल्लीत एक गिऱ्हाईक उरलं नसतं. आईची जीभ तिखट आहे, म्हणजे हात तिखट आहेत. ते मला सौम्य करावं लागतं. या घराची निम्मी अब्रू माझ्यामुळे टिकली आहे, पण हे आईला कधी कळायचं नाही, आणि कळू नये यातच ते काम आलं.

संध्याकाळी तिला म्हटलं, गिऱ्हाइकाकडे असं टक लावून बघू नकोस. तिने ट्यूब बंद केली. शिवणाची खोली घराच्या मधोमध आहे, खिडकी नाही, भरदुपारी अंधार. आईला ऐकायचं नसलं की ती बटण दाबते. दिवा गेला की हात दिसत नाहीत, बोलणं संपलं. पप्पा-आईची सगळी भांडणं अशीच संपायची. पप्पा अंधारात हसायचे, ते फक्त मला ऐकू यायचं.

रविवार, ११ जानेवारी

दुसरी तालीम. 

वरद म्हणाला, "मला तुमच्या शांततेतलं संगीत शोधायचंय." मी आईला म्हटलं, तो म्हणतो तुमची शांतता छान आहे. आई म्हणाली, "शांतता कसली? चार वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून डोक्यात पिठाची गिरणी चालू आहे. रात्रंदिवस. त्याला म्हणावं, एक दिवस घेऊन जा."

मी वरदला सांगितलं, "आई म्हणते, शोधा." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मान वर केली तर आक्काताई माझ्याकडे बघत होती. आक्काताई आईची शाळेपासूनची जोडीदारीण, साताऱ्यातच असते. तिच्या उजव्या कानात मशीन आहे, जवळून मोठ्याने बोललं तर तिला थोडं ऐकू येतं. थोडंच. वरद काही मोठ्याने बोलत नव्हता.

मग पोस्टरवरून झालं. त्यावर 'मूकबधिर महिलांचा आविष्कार' लिहिलं होतं. आई भडकली. "मुकी कोण? हात दुखेपर्यंत बोलते मी. बहिरी आहे, बहिरी लिही." हे मात्र मी तसंच सांगितलं, कारण मलाही तो शब्द आवडत नाही. वरदने तिथल्या तिथे फोन करून पोस्टर बदलायला सांगितलं. 'पाच बहिऱ्या बायका.' मला वाटलं होतं चिडेल.

प्रत्येकीला पाच मिनिटं स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगायचंय. आक्काताई एसटीच्या कंडक्टरचं करणार आहे, ती ऐकत नाही म्हणून त्याने तिला खंडाळ्याला उतरवलं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, माझं मी ठरवेन. मी म्हटलं मला आधी सांग, मला वाक्यं लिहावी लागतील. म्हणाली, बघू.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. लॅबला अर्धा दिवस. लवकर घरी आले तर शिवणाच्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून आरसा दिसतो. आई आरशासमोर उभी राहून सराव करत होती. तिने डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी. म्हणजे डॉक्टर. मग चिमूट, म्हणजे पप्पा. मग मी आरशात दिसले असेन. तिने दिवा घालवला.

पप्पांच्या बीपीबद्दल काहीतरी असेल. पथ्य पाळायचे नाहीत ते.

तिळगूळ अर्धाच खाल्ला. पाक कच्चा राहिला असणार.

रविवार, १८ जानेवारी

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी माझ्यावर ढकलायला नको.

आई सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या तुकड्याला आवाज नको." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे तू बोलायचं नाही. मी बोलेन. ज्याला कळेल त्याला कळेल. आम्ही साठ वर्षं न कळता बसलोय, त्यांनी पाच मिनिटं बसावं."

वरद विचारत होता, काय म्हणतायत? मी म्हटलं, आवाज असावा की नसावा याबद्दल बोलतेय. तो म्हणाला, "नसेल तरी चालेल हं. उलट छान होईल. त्यांना काय हवंय ते विचारा."

आता प्रेक्षकांत चारशे ऐकणारी माणसं. साठ वर्षांची बाई पाच मिनिटं हात हलवणार आणि लोक खोकणार, मोबाईल काढणार, मागून कुणीतरी फिसकन हसणार. ते हसणं तिला ऐकू येणार नाही, मला येणार. आयुष्यभर मलाच आलंय. मी आईला सांगितलं, महोत्सवाचा नियम आहे, आवाज लागतोच. आणि वरदला सांगितलं, आईला आवाज हवाय, वाक्यं मी लिहिते.

यात मी काय वाईट केलं?

आई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "लिही. शिवणकामाचं लिही." म्हणजे विषयही मिळाला. रात्रीत लिहूनसुद्धा झालं: सुई, दोरा, अस्तर, बाईच्या अंगाचं माप आणि मनाचं माप. चांगलं झालंय.

गुरुवार, २२ जानेवारी

म्हसवडहून आबा आले. आईचे धाकटे भाऊ. दारातून जयभीम घातला, बाजरीचं पीठ ठेवलं, आईशी त्यांच्या मोडक्यातोडक्या खुणांत बोलले. त्यांना खुणा कमी येतात, पण आई त्यांच्याशी बोलताना हसते. आई दळण आणायला गेली आणि त्यांनी विषय काढलाच.

"आम्रपाली, येक इचारू? तुझा बाप दवाखान्यात हुता त्या सांच्याला डाक्टर मला बी म्हणाला हुता. आजची रात कठीन हाय, घरच्यास्नी बलवून घ्या. मला वाटलं तू ताईला सांगितलं आसशील. मी आपला निवांत बाहीर बाकड्यावर पडलो. आन् सकाळी बगतो तर ताई डबा घिऊन आलीया."

मी म्हटलं, आबा, तिचं बीपी वाढलं होतं. दोन दिवस झोपली नव्हती. रात्रभर बसून ती काय करणार होती?

"बसली आसती की," आबा म्हणाले. "दुसरं काय करायचं आस्तं?"

मी चहा टाकला.

मी तिला खोटं नाही सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात बरं आहे, तू घरी जा, झोप, सकाळी ये. बरं आहे असं एखाद्या वेळेला म्हणतातच. मरणार आहेत, हे तोंडाने सांगायचं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण हाताने सांगायचं होतं. ती खूण माझ्या हातांनी करायची, तिच्या डोळ्यांसमोर, आणि करताना तिच्याकडेच बघायचं, कारण खुणा करताना मान खाली घालता येत नाही. लोकांना हे कळत नाही.

पप्पांच्या दोन्ही हातांना सुया टोचलेल्या, पट्ट्या बांधलेल्या. उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर हलत होती. नर्स म्हणाली असं होतं, नसा ओढतात. नर्सला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हे कशाला लिहिलं कुणास ठाऊक.

रविवार, १ फेब्रुवारी

झालं. व्हायचं ते झालं.

तालमीत चहा सुरू होता. वरद आक्काताईच्या शेजारी, कानातल्या मशीनच्या बाजूला. माझा कागद वाचून खूश झाला आणि तिथूनच मला मोठ्याने म्हणाला, "सुंदर लिहिलंय. मला तर आवाजाशिवायही चाललं असतं, पण आईंनाच हवा म्हणाल्या, तर उत्तमच."

आक्काताईने कप खाली ठेवला. उठून आईकडे गेली. दोघींचे हात भराभर चालले. आई माझ्याकडे आली. "नियम नाही?"

मी म्हटलं, आक्काताईला नीट ऐकू आलं नसेल, तिच्या मशीनचा सेल गेलाय. हे मी म्हटलं. स्वतःच्या हातांनी. आक्काताईसमोर, जिने मला कडेवर घेऊन फिरवलंय.

 आक्काताईने पर्समधून कागद-पेन काढलं आणि वरदपुढे धरलं. वरद गोंधळला, पण लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, 'आवाज नको असेल तर नको. नियम नाही. तुमची इच्छा.' आईला लिहिलेली मराठी सावकाश वाचावी लागते. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. कागदाची घडी घातली. पर्समध्ये ठेवली.

सातारा स्टँडवर गाडीची वाट बघताना तिने एवढंच विचारलं, "अजून काय काय?"

मी म्हटलं, काही नाही. एवढंच.

"कधीपासून?"

गाडी लागली. आई खिडकीशी बसली आणि तिने डोळे मिटले. झोपली नव्हती. एसटीत ट्यूब बंद करता येत नाही, म्हणून. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, सांगली येईपर्यंत मी तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत बसले. कुणाशी बोलायचं? शेजारच्या बाईने विचारलं, "आईस्नी बरं न्हाई का?" मी म्हटलं, बरं आहे, झोपल्यात. तेही खोटंच.

घरात शिरताना म्हणाली, "तू तुझं वाच. मी माझं बोलते."

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बोलणं बंद. गिऱ्हाइकाला ती आता पाटीवर लिहून दाखवते. 'माप बरोबर. अंग वाढले.' मी बघत राहिले. आणि ती बाई, दुसऱ्या गल्लीतल्या पाटील काकू, पाटी वाचून हसल्या. "खरं हाय बाई," म्हणाल्या आणि बसल्या. तासभर बसल्या.

मला राग आला. कशाचा ते सांगता येणार नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले. पाकीट उघडून म्हणाले, "पोरी, काय हाय यात? वाईट हाय का?" मी नेहमीसारखं म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, "तुला म्हाईत हाय. तुझ्या तोंडावर दिसतंया."

 दोन नळ्यांवर चुकीची नावं चिकटवली, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

रविवार, १५ फेब्रुवारी

रंगीत तालीम. मला पहिल्या रांगेच्या टोकाला टेबल दिलंय, माईक, आणि कागद वाचायला छोटा दिवा. विंगेत बसता येत नाही, हात समोरून दिसावे लागतात. आता आवाज राहिला तो आईच्याच मर्जीने. वरदने तिला परत लिहून विचारलं होतं, आवाज ठेवू की काढू? तिने खाली लिहिलं, 'ठेवा.' मला वाटलं राग गेला.

आईने नुसतं मशीन चालवल्यासारखं केलं, दोरा ओवल्यासारखं केलं. माझी वाक्यं बरोबर बसली. वरद म्हणाला, फारच ताकदीचं. मला मात्र ते बघवेना. आई ज्या कापडात मन नसतं ते असंच शिवते, सरळ शिलाई मारून मोकळी होते.

आज आरशासमोरचं काहीच त्यात नव्हतं. डॉक्टरही नव्हता, चिमूटही नव्हती.

सोमवार, २३ फेब्रुवारी

काल झालं. लॅबमध्ये रजा टाकली आहे. लिहिते.

हॉल भरला होता. मागच्या तीन रांगांत बहिऱ्यांच्या शाळेची मुलं आणि तिथे शिकलेली जुनी माणसं. आक्काताईच्या कंडक्टरला लोक पोट धरून हसले. मग आई. पांढरी साडी, निळी किनार. प्रकाशात आली आणि थांबली. मी कागद सरळ केला.

"माझ्या हातात सुई आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," मी सुरू केलं.

आईने चिमूट केली. पप्पा. मग झोपलेलं माणूस. मग मनगटावर दोन बोटं.

मी वाचत राहिले. अस्तर, दोरा, मनाचं माप. पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या. आई दवाखान्यात उभी होती आणि माझा आवाज ब्लाउज शिवत होता, आणि ऐकणाऱ्या चारशे माणसांतल्या एकालाही ते कळत नव्हतं. मी शेवटपर्यंत वाचून काढू शकले असते. टाळ्या पडल्या असत्या. आईलाही कळलं नसतं मी काय वाचलं. आजपर्यंत कधी कळलं नाही तसंच.

तेवढ्यात ती थांबली. माझ्याकडे बघितलं. ओठांवर बोट टेकवून पुढे उडवलं.

माझं नाव. मी वाक्य अर्धं सोडलं. मागच्या रांगांमधली बहिरी माणसं वाट बघत होती, पुढची ऐकणारी वाट बघत होती. विंगेत आक्काताई कानातल्या मशीनवर हात धरून उभी होती. मी माईकमध्ये म्हटलं, "आम्रपाली."  पुढच्यांना वाटलं असेल, नवीन पात्र आलं.

आईने परत पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. मी कागद उलटा ठेवला आणि जे दिसलं ते बोलले. दुभाष्याच्या आवाजात 'मी' म्हणजे आई. सवयीचं आहे. पण 'माझी मुलगी' म्हणताना तोंडात काटा रुतावा तसं होत होतं.

"डॉक्टरचं तोंड खूप वेळ हललं. माझ्या मुलीचे हात एवढेसेच हलले. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच. तिने मला घरी पाठवलं. मी झोपले. चांगली झोप लागली मला. सकाळी उठून मुगाची खिचडी केली, त्यांना आवडायची, डबा भरला. मी पोचले तेव्हा डबा गरम होता आणि ते गार होते."

मी तिच्या हातांवरून डोळे काढले नाहीत.

"मला बरं वाटावं म्हणून माझी मुलगी खोटं बोलते. लहान असल्यापासून बोलते. मी ओळखायचे. तिच्या तोंडाची हालचाल मोठी आणि हाताची लहान, किंवा उलट. मी गप्प बसायचे, पोर दमते म्हणून. पण त्या रात्री मला बरं वाटायला नको होतं. मला तिथे बसायचं होतं."

हे सगळं मी बोलले. एक शब्द गाळला नाही, घातला नाही. ती ओळखायची. सगळं. 

मग आई रंगमंचाच्या अगदी कडेला आली. आता ती प्रेक्षकांशी बोलत नव्हती.

"जन्मभर हातांनी बोललेला माणूस," मी म्हटलं, म्हणजे ती म्हणाली, "काही न बोलता गेला? तू जवळ होतीस. तुला भाषा येते. त्यांचे हात काय म्हणाले?"

प्रश्न माझ्याच आवाजात स्पीकरमधून सगळीकडे गेला आणि उत्तर द्यायला मीच होते. मी माईक बाजूला ठेवला. टेबलावरच्या दिव्याखाली, त्या उलट्या कागदावर, हात ठेवला आणि दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली. हळू, सुया टोचलेल्या हाताला जमेल तेवढीच. कात्री. नसा ओढत नव्हत्या. मला तेव्हाच कळलं होतं, पहिल्यांदा हलली तेव्हाच. ते आईला बोलवत होते आणि आईला मी घरी पाठवून दिलं होतं.

मागून बाकं करकरली. मागची बहिरी माणसं माझे हात बघायला उभी राहिली होती.

आईचे हात वर आले. काहीतरी म्हणणार होती, आणि वरदने दिवे घालवले. त्याला वाटलं शेवट झाला. सगळा हॉल काळा, फक्त माझ्या टेबलावरचा छोटा दिवा आणि त्यात माझे हात. तिला मी दिसत होते, ती मला दिसत नव्हती. टाळ्या इतक्या पडल्या की काही सुचेना. आई अंधारात काय म्हणाली ते कुणीच पाहिलं नाही.

वरद धावत आला, डोळे भरलेले. "ती शेवटची खूण काय होती?" मी म्हटलं, आईचं नाव. तो म्हणाला, "काय शेवट आहे." मी म्हटलं, ती बोलत होती आणि तुम्ही दिवा घालवला. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो खुर्चीत बसला. मला त्याची दया आली, पण बरं आहे, असू दे, असं मी त्याला म्हटलं नाही.

एसटीत आईने डोळे मिटले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिली. 

बुधवार, २५ फेब्रुवारी

दोन दिवस तसेच गेले. जेवण होतं, चहा होतो, हात रिकामे. आज लॅबला गेले तर लक्ष कुठेच लागेना, दुपारीच परत आले.

आई शिवणाच्या खोलीत स्वप्नाली वहिनींच्या नव्या ब्लाउजचं कापड बेतत होती. मी समोर उभी राहिले. ती मान वर करेपर्यंत थांबले.

"अंधारात काय म्हणालीस?"

तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"किती वेळा?"

मला आधी कळलं नाही.

"त्यांनी मला किती वेळा बोलवलं?"

'एकदाच' हे माझ्या हाताशी आलं होतं. एकदाच, शेवटी शेवटी, आणि मग शांत झोपले. किती सोपं होतं. तिला झोप लागली असती, मलाही. बोट वर उचललं होतं मी.

ते खाली घेतलं आणि सांगितलं. अकरा वाजल्यापासून. मी मोजलं नाही. थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. एकदा मी त्यांचा हात धरला, तर माझ्या मुठीतही बोटं चालूच. आबांना पाठवून तुला आणता आलं असतं, पण मग मी खोटं बोलले ते कळलं असतं, म्हणून नाही आणलं. पहाटे चार वाजता थांबले.

हे शेवटचं तर मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

आई उठली. भिंतीशी गेली, बटणावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, आता अंधार. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. ती पाठमोरी, बटणावर बोट, बराच वेळ. खांदे हलत होते. तिच्या रडण्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, तिने कधी ऐकला नाही.

मग तिने बोट काढलं. दिवा चालूच होता. मशीनखालचं स्टूल माझ्यासमोर ओढलं, बसली, पदराने डोळे कोरडे केले, नीट दिसावं म्हणून.

"पुन्हा सांग," म्हणाली. "अकरापासून. हळू."